८५ जणांत एक

मार्च २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात अमेरिकेतल्या ३,३६३ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला होता. यांपैकी ८५ जणांमध्ये पीसीएसके९ नावाच्या जनुकाची एक प्रत जन्मापासून निकामी होती. उरलेल्या ३,२७८ जणांपैकी ९.७ टक्के लोकांना त्या पंधरा वर्षांत हृदयधमनीच्या विकाराने गाठलं. आणि त्या ८५ जणांपैकी किती जणांना? एकाला.

इतक्या लहान आकड्याच्या भरवशावर औषध कंपन्यांनी इतका पैसा क्वचितच लावला असेल. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, या जनुकाचं प्रथिन रक्तातच पकडणारी दोन औषधं अमेरिकेत मंजूर झाली. आणखी दोन वर्षांनी पहिल्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला, तेव्हा धोक्यातली घट निघाली १५ टक्के. जनुकाने ८८ टक्के दाखवले होते. औषधाने तर एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, जनुकापेक्षा कितीतरी जास्त उतरवलं होतं. मग फळ इतकं कमी का? या प्रकरणात मला सर्वांत जास्त रस आहे तो याच प्रश्नात, पण तिथे पोचायला आधी पॅरिसला जावं लागतं.

पॅरिस, माँट्रियल

रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल जन्मापासून खूप चढलेलं असणं हा एक आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडील, कुणा एकाकडून दोषी प्रत आली तरी तो होतो. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या वैद्यकीय केंद्रात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी त्वचेच्या पेशींवर एलडीएल पकडणारा रिसेप्टर शोधून या आजाराचं मूळ दाखवलं, आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. पुढे रिसेप्टरचं जनुक आणि एलडीएलच्या कणावरच्या एपोबी प्रथिनाचं जनुक अशी दोन दोषस्थानं ठरली. बहुतेक कुटुंबं या दोहोंपैकी एकात बसत.

काही फ्रेंच कुटुंबं बसत नव्हती. काथरीन ब्वालो यांचा पॅरिसमधला गट त्यांच्या मागे लागला, आणि १९९९ मध्ये दोष पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे इथवर पोचला. पण गुणसूत्राचा तेवढा तुकडाही लांबलचक असतो आणि त्यात जनुकांची दाटी असते. त्यांतलं नेमकं कोणतं, ते कळेना.

उत्तर आलं अटलांटिकच्या पलीकडून, तेही कोलेस्टेरॉलशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेतून. माँट्रियलचे नबील सैदा वर्षानुवर्षं प्रथिनं कापणाऱ्या विकरांच्या एका घराण्याचा अभ्यास करत होते. २००३ च्या सुरुवातीला त्यांनी त्या घराण्यातला नववा सदस्य जाहीर केला. त्याचं मूळ नाव मज्जापेशींच्या मरणाशी जोडलेलं होतं, कारण तो तशाच प्रयोगात हाती लागला होता. मात्र तो यकृतात भरपूर बनत होता, आणि त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर ब्वालो यांच्याच तुकड्यात बसत होतं. दोन्ही गट एकत्र आले आणि त्याच वर्षी, मारियान अबिफादेल यांचं नाव पहिलं असलेल्या निबंधात, फ्रेंच कुटुंबांतली पीसीएसके९ची उत्परिवर्तनं प्रसिद्ध झाली.

इथे एक खाच होती. उत्परिवर्तनामुळे प्रथिन बिघडलं म्हणून एलडीएल चढलं, की प्रथिन जास्तच जोमाने कामाला लागलं म्हणून चढलं? या दोन शक्यतांतून औषधाच्या दोन उलट्या दिशा निघतात. २००४ मध्ये उंदरांच्या यकृतात हे प्रथिन मुद्दाम जास्त बनवून पाहिलं, तेव्हा पेशींवरचे एलडीएल रिसेप्टर दिसेनासे झाले आणि एलडीएल चढलं. म्हणजे फ्रेंच कुटुंबांतलं प्रथिन अतिउत्साही होतं.

हे प्रथिन नेमकं करतं काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी औषधं त्यावरच उभी आहेत. एलडीएल रिसेप्टर म्हणजे नदीच्या दोन काठांत फेऱ्या मारणारी होडी समजा. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचा कण चढवायचा, आत न्यायचा, तिथल्या आम्लात उतरवायचा आणि रिकामं परत यायचं. एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि एक रिसेप्टर आपल्या आयुष्यात शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. पीसीएसके९ या होडीला चिकटलं की होडी परत येत नाही. ती मालासकट पेशीच्या भट्टीत, म्हणजे लायसोसोममध्ये जाते आणि तिथेच मोडते. होड्या कमी झाल्या की माल काठावर पडून राहतो. इथे काठ म्हणजे रक्त.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधाचं एक जुनं कोडंही यातून सुटलं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल फक्त सहा टक्क्यांच्या आसपास आणखी घटतं, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं. स्टॅटिनमुळे यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण जाणवते आणि ते जास्त रिसेप्टर बनवू लागतं, पण ज्या कळीने रिसेप्टर बनतात, त्याच कळीने पीसीएसके९ही बनतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

प्रश्न उलटा धरला

डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी जे केलं ते ऐकायला सोपं वाटतं. आनुवंशिकशास्त्र बहुतेक वेळा आजारी माणसांच्या मागे जातं. ते स्वाभाविक आहे, कारण दवाखान्यात तेच येतात. या दोघांनी विचार केला की अतिउत्साही पीसीएसके९ने एलडीएल चढत असेल, तर निकामी पीसीएसके९ने ते उतरायला हवं. अशी माणसं आजारी नसणार, म्हणून त्यांची नोंद कुठेच नसणार. त्यांना शोधायचं तर धडधाकट माणसांचं रक्त आधीपासून गोळा केलेलं हवं.

तसं रक्त डॅलस हार्ट स्टडीत होतं. शहरातल्या सर्वसामान्य लोकांतून निवडलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रौढांचा हा अभ्यास, आणि त्यात निम्म्याहून जास्त लोक मुद्दाम कृष्णवर्णीय निवडलेले. तो मुद्दामपणाच निर्णायक ठरला. हॉब्स आणि कोहेन यांनी एलडीएल सर्वांत कमी असलेले १२८ जण घेतले आणि त्यांचं पीसीएसके९ अक्षरन् अक्षर वाचलं. त्यात प्रथिन अर्धवट तोडणारी दोन उत्परिवर्तनं सापडली. मग सगळ्या गटात शोध घेतला: कृष्णवर्णीय लोकांत सुमारे २ टक्के, युरोपीय वंशाच्या लोकांत ०.१ टक्क्याहूनही कमी. ज्यांच्यात ती होती त्यांचं एलडीएल ४० टक्क्यांनी कमी. फक्त गोऱ्या लोकांचा अभ्यास असता, तर ही दोन उत्परिवर्तनं हाताला लागणं जवळपास अशक्य होतं. संशोधनात कोणाला घ्यायचं हा प्रश्न बऱ्याचदा न्यायाचा म्हणून मांडतात, आणि तो तसा आहेच. इथे तो थेट शोध लागण्या-न लागण्याचाही होता.

आता २००६ चा तो निबंध. यासाठी दुसरा, मोठा अभ्यास वापरला. १९८७ ते १९८९ मध्ये अमेरिकेतल्या चार ठिकाणच्या ४५ ते ६४ वयाच्या लोकांना घेऊन तो सुरू झाला होता. तोडलेल्या प्रतीच्या ८५ जणांचं सरासरी एलडीएल (एक डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये) १३८ ऐवजी १०० होतं, म्हणजे २८ टक्के कमी, आणि हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्के कमी.

इथे जरा थांबून आकडेमोड करू. बाकीच्यांइतकाच धोका असता तर ८५ पैकी आठ जणांना आजार व्हायला हवा होता. झाला एकाला. आठाऐवजी एक हे प्रभावी आहेच. पण एकाऐवजी तिघांना झाला असता, म्हणजे पंधरा वर्षांत आणखी दोन माणसं आजारी पडली असती, तर ८८ चे ६४ झाले असते. निबंधातली अनिश्चिततेची कक्षा हेच सांगत होती. खरा धोका बाकीच्यांच्या २ टक्के असू शकत होता, तसाच ८१ टक्केही. मथळ्यांत ही कक्षा येत नाही, ८८ येतो.

त्याच निबंधात दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते वजनदार तोच. ९,५२४ गोऱ्या लोकांपैकी ३०१ जणांमध्ये याच जनुकातला सौम्य बदल होता. त्यांचं एलडीएल १५ टक्के कमी, आणि आजार ११.८ टक्क्यांऐवजी ६.३ टक्क्यांना, म्हणजे धोका ४७ टक्के कमी. इथे एकोणीस माणसं आजारी पडलेली होती, एक नव्हे. पुढे, २०१० मध्ये, डेन्मार्कच्या संशोधकांनी याच सौम्य बदलाचा ६६,६९८ लोकांचा एकत्रित हिशेब काढला. एलडीएल १२ टक्के कमी, धोका २८ टक्के कमी. ४७ चे २८ झाले. पहिला आकडा फुगलेला असणं आणि मोठ्या अभ्यासात तो खाली बसणं हे संशोधनात नेहमीचंच. दिशा मात्र तीच राहिली, आणि धोक्यातली घट एलडीएलच्या घटीच्या दुपटीहून जास्त होती.

२००६ मध्येच आणखी एक नोंद आली. एका निरोगी तरुण स्त्रीमध्ये आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही प्रती निकामी होत्या. रक्तात पीसीएसके९ मुळीच नव्हतं, आणि एलडीएल होतं १४. पुढच्या वर्षी आफ्रिकेतली अशीच आणखी एक स्त्री नोंदली गेली, तिचंही पंधराच्या आसपास. औषध बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही दोन माणसं हजारो उंदरांपेक्षा मोलाची होती. एखादं प्रथिन पूर्ण बंद केलं तर माणसाचं काय होईल, या प्रश्नाचं उत्तर चाचणी सुरू होण्याआधीच हिंडत-फिरत होतं.

२००६ मध्येच हेही दिसलं की पीसीएसके९ पेशीतून रक्तात येतं आणि बाहेरूनच रिसेप्टरला चिकटतं. प्रतिपिंडासारखा मोठा रेणू पेशीच्या आत शिरू शकत नाही. शिकार बाहेरच फिरत असेल, तर आत शिरायची गरजच काय?

औषध, आणि कोडं

अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही दोन प्रतिपिंडं जुलै आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. वर्षाची छापील किंमत १४ हजार डॉलरच्या वर. विमा कंपन्यांनी हात आखडले, डॉक्टर अर्ज भरून भरून थकले, आणि २०१८ मध्ये इव्होलोक्युमॅबची किंमत ५,८५० डॉलरवर आणावी लागली.

इव्होलोक्युमॅबच्या फूरियर चाचणीत २७,५६४ रुग्ण होते. सगळ्यांना आधीच धमनीविकार, आणि सगळे स्टॅटिनवर. एलडीएल ९२ वरून ३० वर आलं, म्हणजे ५९ टक्के घट. मधल्या रुग्णाचा पाठपुरावा २.२ वर्षांचा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू वगैरे मिळून घटना ११.३ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आल्या. हेच ते १५ टक्के. मृत्यूंत फरक दिसला नाही. अलिरोक्युमॅबच्या १८,९२४ रुग्णांच्या चाचणीतही घट १५ टक्केच निघाली. बाजाराचा हिरमोड झाला. ८८ ची स्वप्नं पाहिलेल्यांना १५ हा आकडा झोंबणारच.

पण या दोन आकड्यांत मोजमापच वेगळं आहे. पन्नाशीच्या माणसाच्या रक्तात जन्मापासून ३८ मिलिग्रॅम एलडीएल कमी असेल, तर ३८ गुणिले ५० म्हणजे १,९०० 'मिलिग्रॅम-वर्षं' त्याच्या धमन्यांची वाचली. फूरियरमधल्या रुग्णाची ६२ गुणिले २.२ म्हणजे १३६. हा हिशेब ढोबळ आहे, धमनी काही वहीखातं ठेवत नाही, पण दोन रकमांतलं अंतर त्यातून कळतं. शिवाय फूरियरमधला सरासरी रुग्ण ६२ वर्षांचा होता, आणि दहांतल्या आठांना झटका आधीच येऊन गेला होता. धमनीच्या भिंतीत तीस-चाळीस वर्षं साचलेलं दोन वर्षांत कसं निघणार?

हे औषधाचं समर्थन म्हणून मागाहून रचलेलं स्पष्टीकरण नाही. फूरियरच्या पाच वर्षं आधी, २०१२ मध्ये, ब्रायन फरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलडीएल कमी ठेवणाऱ्या निरनिराळ्या जनुकांतल्या बदलांचा एकत्र अभ्यास केला होता. एलडीएल जन्मभर सुमारे ३८ मिलिग्रॅमने कमी असेल, तर धोका निम्म्याहून जास्त घटतो. स्टॅटिनच्या चाचण्यांत तेवढीच घट पाचएक वर्षं टिकवली, तर धोका वीस-बावीस टक्के घटतो. मिलिग्रॅम तेच, वर्षं वेगळी. हा निबंध नीट वाचला असता, तर २०१७ मध्ये हिरमोड होण्याचं कारण नव्हतं.

फूरियरच्या पोटातही तीच खूण होती. झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू एवढंच मोजलं, तर पहिल्या वर्षी घट १६ टक्के, त्यापुढच्या काळात २५. चाचणी संपल्यावर ६,६३५ रुग्णांना पुढे खुलेपणाने इव्होलोक्युमॅब दिलं, सगळ्यांना. त्यात आधी खऱ्या औषधावर असलेले आणि आधी बनावट औषधावर असलेले असे दोन्ही होते. पुढच्या वर्षांत दोघांचं एलडीएल सारखंच खाली, तरी आधीपासून औषधावर असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी. जवळपास दोन वर्षांची आघाडी इतक्या उशिरा व्याज देत होती.

जाता जाता फायझरच्या प्रतिपिंडाबद्दल. त्यात थोडा उंदराचा अंश उरला होता. बऱ्याच रुग्णांच्या शरीराने त्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली, परिणाम ओसरत गेला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने काम थांबवलं. जनुकाने रस्ता बरोबर दाखवला तरी गाडी पंक्चर होऊ शकते.

जनुकावर किती विसंबायचं

२००६ हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावं. डिसेंबरमध्ये फायझरने टॉर्सेट्रॅपिबची १५,०६७ रुग्णांची चाचणी अचानक बंद केली. या औषधाने 'चांगलं' समजलं जाणारं एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढत होतं, आणि तरी औषधाच्या गटात मृत्यू जास्त होत होते. तेव्हा रक्तदाबाला दोष दिला गेला, आणि तो काही अंशी खराही होता. मग २०१२ मध्ये अशा लोकांचा अभ्यास आला, ज्यांचं एचडीएल एका जनुकातल्या बदलामुळे जन्मभर जास्त असतं.  त्यांच्यात झटक्याचा धोका कमी नव्हता. हा अभ्यास टॉर्सेट्रॅपिबच्या आधी झाला असता तर? असे प्रश्न विचारायला नेहमीच सोपे असतात, मान्य. पण त्याच सुमारास, एकाच आजारासाठी, एक बाजी जनुक पाहून आणि दुसरी रक्ततपासणीतला चढता आकडा पाहून लावली गेली, आणि दोन्हींचं पुढे काय झालं ते समोर आहे.

तरी जनुकाला भविष्यवाणी समजू नये. फरन्स यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं की पीसीएसके९ कमी करणारे बदल ज्यांच्यात आहेत, त्यांच्यात मधुमेहाचा धोका थोडा जास्त असतो, तोही मुख्यतः साखर आधीच काठावर असलेल्यांत. प्रतिपिंडांच्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. चाचण्या दोन-तीन वर्षांच्या होत्या. फायदा मोजायला दोन वर्षं कमी पडतात म्हणणाऱ्याने तोटा मोजतानाही हेच म्हणायला हवं. औषधाच्या बाजूने लिहिणारे ही बाजू सहसा गाळतात.

आता कल लांब टिकणाऱ्या उपायांकडे आहे. इन्क्लिसिरन यकृतात पीसीएसके९ बनवण्याचा संदेशच मोडतं. सुरुवातीच्या दोन इंजेक्शनांनंतर वर्षाला दोन पुरतात आणि एलडीएल जवळपास निम्मं होतं. युरोपात २०२० च्या शेवटी आणि अमेरिकेत २०२१ च्या शेवटी ते मंजूर झालं. त्याही पुढची पायरी म्हणजे जनुकातलं एक अक्षरच बदलणं. जुलै २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये पहिल्या रुग्णाला असं औषध शिरेतून दिलं गेलं. २०२३ मध्ये पहिल्या दहा रुग्णांचे निकाल आले, आणि वरच्या डोसांच्या तिघांमध्ये एलडीएल ३९ ते ५५ टक्के घटलं होतं. २०२४ मध्ये एका रुग्णाच्या यकृताच्या तपासण्या आणि प्लेटलेट बिघडल्यामुळे नवीन रुग्ण घेणं थांबलं. संशय जनुकबदलावर नव्हता, औषध वाहून नेणाऱ्या मेदकणांवर होता. तेच अक्षर बदलणारं, पण वेगळ्या मेदकणांतून जाणारं दुसरं औषध मग चाचणीत उतरलं.

प्रयोग यशस्वी झाला, तर पन्नाशीचा रुग्ण एका सलाइनमध्ये त्या ८५ जणांसारखा होईल. म्हणजे त्या दिवसापासून पुढे. मागची पन्नास वर्षं त्याच्या धमन्यांत आहेत तशीच राहतील. आणि जनुकातलं अक्षर पुसून परत लिहिता येत नाही म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवायला सांगितलं आहे. ती मुदत आहे १५ वर्षांपर्यंत, त्या ८५ जणांवर ठेवली होती तेवढीच.